पिंपळसोंडची कमान

"डाव्या अंगावर थोडी कल. एवढी नाही, थोडीच. हां. आता हलायचं नाही. श्वास धर."

हर्षदा लोहारने श्वास धरला. मी शिशाच्या पडद्याआड गेले, बटण दाबलं आणि बाहेर येऊन म्हटलं, "सोड आता. उठू नकोस, उजवीकडचा अजून काढायचाय."

"वैनी, लवकर हुईल का?" ती छताकडे बघत म्हणाली. "साडेचारला सराव हाय."

"पाठ धरली म्हणून आलीस ना इथे?"

"मी कुठं आले? शाळंतल्या बाईंनी आनलंय. आता बरी हाय पाठ."

पंधरा वर्षांची पोर, पण उंची अशी की तिची पावलं माझ्या टेबलाच्या बाहेर लोंबत होती. बरी आहे म्हणाली खरी, पण उजव्या कुशीवर वळताना तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि तोंड भिंतीकडे केलं. मला दिसू नये म्हणून केलं हे कळण्याइतके फोटो मी तोवर काढले होते.

ही वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्याच्या गावी डॉक्टर मगदुमांच्या दवाखान्यात मी एक्स-रे काढायचे. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. सासर तिथून सात किलोमीटरवर, पिंपळसोंडला. हर्षदा त्याच गावची, म्हणून मी तिची वहिनी.

अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतली आणि ओलीच उजेडाच्या पेटीवर लावली. कमरेच्या मणक्यांचा तिरका फोटो काढला की प्रत्येक मणक्यात एक कुत्रं दिसतं. थट्टा करत नाही. नाक, कान, पुढचा पाय, सगळं असतं. शिकताना आम्हाला ते शोधायलाच शिकवतात. कुत्र्याचा गळा मोकळा असला की सगळं ठीक. गळ्यात पट्टा घातल्यासारखी काळी रेघ दिसली, तर हाड तिथे तडकलंय असं समजायचं. हर्षदाच्या सगळ्यात खालच्या मणक्यातल्या कुत्र्याला पट्टा होता. डाव्या बाजूच्याला. उजव्या बाजूच्याला नव्हता.

मी बराच वेळ ते कुत्रं बघत बसले. कारण ते माझ्या ओळखीचं होतं. गणपतीच्या सुमाराला संग्राम नावाच्या मुलाचा असाच फोटो मी काढला होता, आणि दिवाळीनंतर रेखा नावाच्या मुलीचा. तिघंही पिंपळसोंडची, तिघंही व्हॉलीबॉल खेळणारी. आणि तिघांच्याही डाव्या बाजूलाच पट्टा.

डॉक्टर मगदुमांनी फोटो पाहिला आणि बोलावणं गेल्यामुळे वेल्डिंगचं काम टाकून आलेल्या हर्षदाच्या वडिलांना समजावून सांगितलं. "एकच ताण रोज रोज पडला की कोवळं हाड दमतं. तार वाकवून वाकवून तुटते ना, तसं. चार महिने उडी नाही, खेळ नाही, कमरेला बेल्ट. आत्ता एकच बाजू गेलीय, ती जुळेल. ऐकलं नाही तर दुसरी जाईल. दोन्ही गेल्या की मणका पुढे घसरायला लागतो, आणि मग माझ्या हातात काही राहत नाही."

लोहारांनी मान डोलावली. "रविवारी राज्याच्या संघाची निवड हाय, डाक्टर. आज सोमवार. तात्या म्हनतील तसं करू." जाताना फोटोचं पाकीट त्यांनी माझ्याच हातात दिलं. "वैनीसाब, तुमीच दावा तात्यास्नी. मला काय त्यातलं कळत न्हाई."

ते गेल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, "पण तिघांचं डावीकडंच का?"

"तुझेच सासरे शिकवतात ना त्यांना? त्यांना विचार की," डॉक्टर म्हणाले. "माझे बाहेर चौदा पेशंट बसलेत."

आता हे असं मला कुणी सांगायला नको होतं. नको तिथे नाक खुपसायची माझी खोड जन्माची. आमचे हे लग्नानंतर आठवडाभरातच मला फौजदारीणबाई म्हणायला लागले होते. एखादी गोष्ट अशी का आहे हे कळलं नाही, तर मला अन्न गोड लागत नाही.

लोहार ज्यांना तात्या म्हणाले ते माझे सासरे, दौलतराव थोरवत. मी त्यांना मामंजी म्हणायचे. साखर कारखान्याच्या संघातून ते बावीस वर्षं खेळले, आणि त्या बावीस वर्षांत त्यांचा एक फटका पंचक्रोशीत गाजला. बाकीचे खेळाडू उडी मारून चेंडू समोरून मारतात. मामंजी हवेत पाठीची कमान करायचे, डावीकडे कलायचे, आणि त्यांचा हात डोक्यामागून, भलत्याच बाजूने यायचा. समोरच्यांना अडवायला हात कुठे धरावा तेच कळायचं नाही. लोक त्याला पिंपळसोंडची कमान म्हणत, आणि ती बघायला शेजारच्या गावांहून सायकली यायच्या.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गावातल्या पोरापोरींना कमान शिकवायला घेतली. पैसा घेत नसत. त्यांच्या हाताखालची दोन पोरं पोलिसात लागली होती, एक रेल्वेत. तेव्हा गावात तात्यांचा शब्द म्हणजे काय असेल ते तुम्हीच समजा. डॉक्टरांनी चार महिने सांगितले तरी तात्यांनी "खेळ" म्हटलं की पोर खेळणार होती, आणि तात्यांनी "थांब" म्हटलं तरच थांबणार होती.

मंगळवारी सकाळी सहाला मी मैदानावर गेले.

"सूनबाई, तू हितं कशी?"

"चालायला निघाले होते, मामंजी."

पिंपळसोंडात नुसतं चालायला कुणी निघत नाही. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पोरांकडे वळले.

मैदानाच्या कडेच्या चिंचेला, आडव्या फांदीवरून, जाळीत घातलेला चेंडू टांगलेला होता. खाली उडी मारायच्या जागी चुन्याची रेघ. पोरं रांगेने यायची, रेघेवरून उडायची, चेंडूला फटका द्यायची आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जायची. प्रत्येकाचे सकाळी शंभर आणि संध्याकाळी पन्नास. चेंडू रेघेच्या समोर नव्हता. उडी मारणाऱ्याच्या डाव्या अंगाला, आणि डोक्याच्या थोडा मागेच होता. त्याला हात पुरवायचा तर हवेत मागे वाकून डावीकडे झुकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

रांगेत हर्षदा होती. फटका मारून खाली आली की ती दर वेळी चड्डीची नाडी सारखी करायची. तीन-चारदा बघितल्यावर माझ्या लक्षात आलं, नाडीचं निमित्त होतं. ती कमरेला हात लावत होती.

"मामंजी, हर्षदाचं हाड तडकलंय," मी म्हटलं.

"ताणलंय म्हनली ती."

"तडकलंय. मी फोटो काढलाय."

मामंजींनी रांगेतल्या हर्षदाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मगदूम समद्यांनाच आराम सांगतो. संग्रामला सांगितला, रेखाला सांगितला. पोरांची हाडं हायेत, जुळत्यात. रविवारपतुर दम काढू दे तिला. त्याच्यानंतर घरात बसू दे म्हनावं चार काय, सा महिने." आणि हर्षदाला हाक मारून सांगितलं, "तू आज पन्नासच मार गं."

ते तिच्यावर उपकार करत होते, मनापासून. हेच मला जड गेलं. दुष्ट माणसाशी भांडता येतं.

"चेंडू एवढा मागे का टांगलाय?"

"त्याबिगर कमान येत न्हाई."

"समोर टांगला तर?"

"तर चारचौघांसारखी मारतील. चारचौघांची निवड हुती का कुठं?"

पुढच्या पोरीने उडी मारली तसे ते ओरडले, "शबाना, आजबी तुझी कमान न्हाई. रोज तेच सांगायचं का तुला?"

शबाना मुल्ला खाली मान घालून रांगेच्या शेवटी आली, म्हणजे माझ्यापाशी. मी सहज विचारलं, "तुझी पाठ बरी आहे ना गं?"

"माझी?" तिला प्रश्नच कळला नाही. "माझ्या पाठीला काय हुतंय? मला कमानच येत न्हाई ओ वैनी. तात्या म्हनत्यात, तू सरळ उडतीस आन सरळ येतीस."

मी तिचा पुढचा फटका नीट बघितला. शबाना डावखुरी होती. बाकी सगळ्यांना वाकायला लावणारा तो चेंडू तिच्या मारत्या हाताच्या रेषेतच होता. हात थोडा मागे नेला की झालं. पाठ मोडायची गरजच नव्हती.

तेव्हा डावीकडंच का, या प्रश्नाचं उत्तर चिंचेला टांगलेलं होतं. दुसरं कुणी असतं तर तिथे थांबलं असतं. मला मात्र एक प्रश्न सुटला की त्याच्या पोटातून दुसरा निघतो. चेंडू तिथे टांगला, कारण मामंजी तिथून मारायचे. ठीक. पण मामंजी तिथून का मारायचे? उजव्या हाताच्या माणसाला तो चेंडू तिथून मारणं म्हणजे तोंडासमोरचा घास डोक्यामागून हात नेऊन खाण्यासारखं. कुणी शिकवलं नव्हतं, कुणाचं बघितलं नव्हतं. माणसाचा हात जिथे सहज जातो तिथे तो मारतो. मग यांचा हात सहज कुठे जातो?

एकदा हा प्रश्न डोक्यात शिरल्यावर घरातल्या गोष्टी माझ्याशी बोलायला लागल्या.

थोरवतांच्या घरात माझा पदर सारखा कशात तरी अडकायचा, कारण खुंट्या छातीच्या उंचीला होत्या. सासूबाई बुटक्या, त्यांच्यासाठी असतील, असं मी धरून चालले होते. पण स्वयंपाकघरातली फळी चांगली उंच होती आणि सासूबाई स्टुलावर चढून डबे काढायच्या. मग बुधवारी मी एकेक वस्तू मोजून पाहिली. खाली होती ती मामंजींच्या सदऱ्याची खुंटी, मामंजींचा आरसा, मोरीतला त्यांच्या साबणाचा कोनाडा आणि त्यांचा रेडिओ. बाकी सगळं घर इतरांच्या घरांसारखंच होतं.

सकाळी ते सदरा घालताना मी ओसरीतून बघितलं. सुनेने बघू नये, पण बघितलं. उजवा हात आधी, खालूनच बाहीत सरकवला, मग डाव्या हाताने सदरा डोक्यावरून ओढला. केस विंचरले तेही डाव्या हाताने, मान वाकवून. जेवतात उजव्या हाताने, लिहितात उजव्या हाताने, आणि केस तेवढे डाव्याने.

दुपारी सुट्टी टाकून मी सासूबाईंबरोबर शेंगा फोडायला बसले. त्यांना मी आत्या म्हणायचे. मामंजींचा हात वर जातो का, असं विचारलं असतं तर त्या जातो म्हणाल्या असत्या. म्हणून मी विचारलं, "आत्या, मामंजींचा उजवा हात कधीपासून वर जात नाही?"

आत्यांच्या हातातली शेंग हातातच राहिली. "त्यांनी सांगितलं व्हय तुला?"

"नाही."

"मग तूबी बोलू नगंस. तुझ्या नवऱ्यालाबी ठावं न्हाई."

मी गप्प बसले. गप्प बसलं की माणसं बोलतात, हेही मी दवाखान्यात शिकले होते.

"आमचं लगीन नुकतंच झालंतं, ह्ये चोवीस वर्सांचे," आत्या शेंगांकडे बघत म्हणाल्या. "उसाच्या भरल्या गाडीवरनं पडले. खांदा निखळला. हाडवैद्याकडं नेलं, त्यानं बशिवला. पर वाकडाच बसला, आन तसाच राहिला. हितवर जातो." त्यांनी आपला हात खांद्याच्या जरासा वर नेला आणि थांबवला. "फुडं न्हाई. दोनच महिन्यांनी कारखान्याचं बोलावनं आलं. खेळायला येत असंल तर नोकरी. हात जात न्हाई म्हटल्यावर कोन घेनार? मग पंधरा दिस हितं परड्यात एकटेच उड्या मारायचे. कसं वाकलं म्हंजी हात वर पोचंल, ते बघत. रातीला पाठ शेकून द्यायची मी."

"आणि मग?"

"मग काय? नोकरी लागली. लोकं टाळ्या वाजवाय लागली. येवढ्या टाळ्या पडल्यावर सांगायचं तरी कसं, की ही कला न्हाई, अडचन हाय म्हनून?"

मला एकदम रडू आलं. परड्यात एकट्याने उड्या मारणारा तो चोवीस वर्षांचा माणूस माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. आणि त्याच्यामागे चुन्याच्या रेघेवर रांग लावून उभी असलेली चौदा पोरं दिसली. त्या सगळ्यांचे हात सरळ वर जात होते.

गुरुवारी संध्याकाळी, सरावाला निघायच्या आधी मामंजी ओसरीत बसले असताना मी हर्षदाचा फोटो घेऊन गेले. उन्हं अजून होती. खिडकीच्या उजेडात फिल्म धरली.

"ह्ये काय?"

"हर्षदाची कंबर. तिच्या वडिलांनी तुम्हाला दाखवायला सांगितलंय. हे बघा, इथे कुत्रं दिसतंय का? हे नाक. हा कान."

मामंजी पुढे वाकले. चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला. "अरं, खरंच की. कुत्रं हाय." त्यांना गंमत वाटली. "समद्यांच्यात असतंय व्हय?"

"सगळ्यांच्यात. तुमच्यात, माझ्यात. आता त्याचा गळा बघा."

"पट्टा हाय."

"तो पट्टा नाही. तिथे हाड तुटलंय. संग्रामला इथेच होता, रेखालाही इथेच. तिघांना डावीकडेच."

त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बावीस वर्सं मी ह्येच मारलं, सूनबाई. माझा मनका का न्हाई तुटला?"

"तुम्ही सुरू केलंत तेव्हा चोवीस वर्षांचे होतात. हाडं पक्की झाली होती. ही पोरं अकराव्या-बाराव्या वर्षापासून मारतायत. आणि तुम्ही सामन्यात मारायचात, ती रोज दीडशे मारतात."

"आजूक?"

"आणखी काही नाही."

"तू अर्धं बोलून गप बसनारी बाई न्हाईस. बोल."

आत भांड्यांचा आवाज चालला होता तो थांबला. मला आत्यांनी बोलू नको म्हणून सांगितलं होतं. नवी सून, आणि समोर गावाचे तात्या. पण शुक्रवार आणि शनिवार एवढेच दिवस उरले होते, आणि हर्षदाचं दुसरं हाड अजून शाबूत होतं.

"मामंजी, तुमचा हात वर जात नाही म्हणून तुम्ही कमान केलीत," मी म्हटलं. "पोरांचे हात जातात."

त्यांनी फोटो मांडीवर ठेवला.

"कुनी सांगितलं?"

"तुमची खुंटी खाली आहे. आरसा खाली आहे. सदरा घालताना मी बघितलं."

ते उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. परत आले ते थेट अंथरुणावर. जेवले नाहीत.

शुक्रवारी घरात कुणी कुणाशी बोलेना. आत्या चुलीपाशी पुटपुटल्या, "करून ठेवलंस बाई." आमचे हे रात्रपाळीहून आले आणि विचारत राहिले, झालंय काय. मी काही सांगितलं नाही. पहिल्यांदाच मला वाटलं, आपली ही चौकशीची खोड आपल्याला एक दिवस माहेरी पोचवणार.

दुपारी दवाखान्यात लोहार आले. "डाक्टर, रविवारपुरतं येक विंजक्शन द्या की. पोरगी रातीला झोपली न्हाई, पर कबूल करंना. म्हनती बरी हाय."

"मी देणार नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमचे तात्या काय म्हणाले?"

"तात्या काल सांजचं बी मैदानात आले न्हाईत आन आज सकाळी बी आले न्हाईत. कायबी म्हनले न्हाईत. मंजी खेळायचंच, न्हाई का?"

म्हणजे त्यांच्या गप्प बसण्याचाही गावाने हुकूम करून टाकला होता. ते ऐकून मला राग आला, आणि भीती त्याहून जास्त वाटली. दोन्ही वेळा पोरांनी आपल्या आपणच फटके मारले होते. हर्षदाने, लोहार अभिमानाने सांगत होते, शंभरच्या शंभर.

शनिवारी मी उठले तेव्हा मामंजी घरात नव्हते. मी तशीच मैदानाकडे धावत गेले म्हटलं तरी चालेल.

पोरं चिंचेखाली उभी होती. संग्राम आणि रेखा घरी, बाकी बारा. मामंजी चुन्याच्या रेघेवर उभे होते, बिनसदऱ्याचे, नुसत्या बनियनवर. त्यांना तसं कुणी कधी पाहिलं नव्हतं. उजवा खांदा डाव्याहून बोटभर खाली आणि पुढे आलेला, उघड दिसत होता. मला बघून त्यांनी मान फिरवली नाही. या म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत.

"समद्यांनी उजवा हात वर करा," ते पोरांना म्हणाले. "सरळ. कानाला लावून."

बारा हात वर गेले.

"आता माझा बघा."

त्यांनी हात उचलला. खांद्याच्या जरा वर आला आणि थांबला. त्यांनी आणखी जोर लावला तशी मान वाकडी झाली, अंग डावीकडे कललं, पाठ मागे वाकली, आणि तेव्हा कुठे पंजा डोक्याच्या वर गेला. मैदानावर उभ्या उभ्या, जमिनीवर, ती कमान होती. जशीच्या तशी.

दोन-तीन पोरं हसली. त्यांना वाटलं तात्या काहीतरी नवीन दाखवतायत.

"हसा," मामंजी म्हणाले. त्यांनी हात खाली घेतला. "ह्यो हात मोडलाय. चोवीस वर्सांचा असल्यापास्नं. वर जात न्हाई म्हनून मी वाकायचो. दुसरं कायबी न्हाई त्याच्यात. तुमाला मी ते शिकवलं. तुमचे हात चांगले हुते." त्यांनी पायाने चुन्याची रेघ थोडी पुसली. "कुनाला सांगितलं न्हाई. नोकरी गेली आसती. आन मग... मग नुस्तंच सांगितलं न्हाई."

पोरं त्या खांद्याकडे बघत होती.

हर्षदा रांगेतून पुढे आली. ती त्यांच्याहून चार बोटं उंच होती. तिने त्या खाली आलेल्या खांद्याकडे वाकून, अगदी जवळून पाहिलं, आणि विचारलं, "दुखतोय का तात्या?"

मला वाटतं त्यांना हे आत्यांशिवाय कुणीच विचारलं नसेल. विचारणार कसं? ठाऊकच नव्हतं.

"दुखतोय," मामंजी म्हणाले.

हर्षदा तिथेच उभी राहिली. तिने कमरेला हात लावला, या वेळी नाडीचं निमित्त न करता. "माझीबी दुखती," ती म्हणाली. "पाठ. दिवाळीपास्नं. बसलं तरी दुखती. मी कुनाला सांगितलं न्हाई, मला काढाल म्हनून."

मामंजींनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

पुढचं थोडक्यात सांगते. त्या रविवारी पिंपळसोंडहून निवडीला एकटी शबाना गेली, आणि निवडली गेली नाही. हर्षदाचं हाड पाच महिन्यांनी जुळलं. ती पुढे महाविद्यालयाच्या संघातून खेळली, चारचौघांसारखी. संग्रामचं जुळलं नाही. तो आजही ओझं उचलताना बेल्ट बांधतो, आणि मामंजी गेले तेव्हा खांदा द्यायला पुढे आलेल्या त्याला लोकांनी बाजूला केलं तर तो ऐकेना. गावातल्या काहींनी मामंजींना नावं ठेवली, लोहार तर वर्षभर बोलले नाहीत. ते सगळं मी ओघाने बघितलं. पण त्या सकाळचं एवढ्यावर संपलं नव्हतं.

हर्षदाच्या डोक्यावरचा हात काढून मामंजी बाकीच्यांकडे वळले. "आजूक कुनाची दुखती? खरं सांगा. कुनाला काढनार न्हाई."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मी तीन फोटो काढले होते, तेव्हा माझ्या हिशेबी तिघांचीच दुखत होती. चौकशी करण्यात मी कुणाला हार जात नाही, पण हा साधा प्रश्न त्या मैदानावर मी एका शबानाशिवाय कुणालाच विचारला नव्हता.

रांगेच्या मधून एक हात वर गेला. मग मागून एक. मग सगळ्यात बारका, बारा वर्षांचा एक मुलगा होता, त्याने दोन्हीकडे बघून हात वर केला. मग आणखी दोन. पाच हात, सरळ, कानाला लावून.

मामंजींनी ते हात एकेक करून मोजले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, तुझ्या खोलीत येका दिवसात पाच फोटो निघतील का?"

"सहा काढू, मामंजी," मी म्हटलं. "तुम्ही पण चला."